झेव्हियस: रिकाम्या जमिनीवर निशाणा लाल का होतो?

झेव्हियस या विमानाच्या व्हिडिओ गेममध्ये विमानापुढे दिसणारा बॉम्बचा निशाणा जिथे लाल होतो, तिथे जमिनीखाली मनोरा दडलेला असतो, त्याला सोल म्हणतात. निशाणा लाल झाला की लगेच बॉम्ब टाका; मनोरा वर येईल. दुसऱ्या बॉम्बने तो फुटतो आणि दोन्ही वेळा गुण मिळतात.

जपानी कंपनी नामकोच्या या १९८२-८३च्या आर्केड गेममधली दोन शस्त्रं नीट ओळखा. गोळ्या फक्त हवेतल्या शत्रूंना लागतात, बॉम्ब फक्त जमिनीवर पडतात. बॉम्ब विमानापासून ठरावीक अंतर पुढे पडतो, म्हणून निशाणा लक्ष्यावर आणण्यासाठी विमान आधीच मागे घ्यावं लागतं. नवखे खेळाडू नेमके इथेच मरतात, कारण नजर निशाण्यावर खिळते आणि समोरून येणारा शत्रू दिसत नाही.

माझ्या मते गेमचे रचनाकार मासानोबू एंदो यांची खरी कमाल वेगळीच आहे. तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितके हवेतले शत्रू कठीण होत जातात! जमिनीवरचे झोल्बाक नावाचे घुमट उडवले की हा जोर कमी होतो, म्हणून घुमट सोडू नका.

फिरत्या पाट्यांवर मात्र गोळ्या वाया घालवू नका, त्या चुकवायच्याच. आणि एखाद्या भागाचा सुमारे ७० टक्के पट्टा पार करून मेलात, तर पुढचा डाव पुढच्या भागापासून सुरू होतो.