घरधनी पोस्टिंगवर, बांधकाम गावात

या वेळी सदरात सैन्यातल्या कुटुंबांची चार पत्रे घेतली आहेत. चौघांचीही अडचण मुळात एकच आहे: ज्याच्या पगारातून घर उभे राहते, तोच माणूस जागेवर नसतो. उत्तरे मालमत्ता व्यवहार पाहणारे वकील आणि बांधकामावर देखरेख करणारे अभियंते यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझे यजमान सैन्यात हवालदार आहेत, सध्या लेहला. कोरेगावजवळ रस्त्याला लागून दोन गुंठे जागा मिळते आहे. मालक म्हणतो, आत्ता नोटरी करू, खरेदीखत सवडीने बघू. यजमानांना डिसेंबरशिवाय सुट्टी नाही. विसार देऊन ठेवू का?
(एक भगिनी, सातारा जिल्हा)

देऊ नका. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. घराला पुरेशी जागा आहे, पण ती कागदावर काय आहे हे आधी बघा. सातबारा शेतजमिनीचा असेल आणि त्यातला तुकडा तुम्हाला दाखवला जात असेल, तर तिथे घराला परवानगी कशी मिळणार हा पहिला प्रश्न. तुकडेबंदीचे (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावरच्या बंदीचे) नियम अलीकडे सैल झाले असले, तरी नोटरी केलेल्या कागदाने जमिनीची मालकी कधीच येत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. कुलमुखत्यारपत्रावर जागा ‘विकण्याची’ पद्धतही तितकीच पोकळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ते स्पष्ट केले आहे.

मालकाकडून चार कागद मागा: चालू सातबारा, त्यावर दिसणारे सगळे फेरफार, बिनशेतीचा आदेश किंवा जागा गावठाणात असल्याचा पुरावा, आणि मोजणीचा नकाशा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, बहिणींची नावे, कुळाचा शेरा असतो, आणि नेमका तोच रकाना कोणी वाचत नाही. वकिलाकडून जागेच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्या. हे कागद द्यायला मालक टाळाटाळ करत असेल, तर तेच त्याचे उत्तर समजा.

आता सुट्टीचे. खरेदीखत फक्त तुमच्या नावावर होणार असेल, तर यजमानांच्या सहीची किंवा मुखत्यारपत्राची गरजच नाही. पण कर्ज त्यांच्या पगारावर घ्यायचे म्हणजे जागेत त्यांचे नाव लागेल, आणि मग मुखत्यारपत्र आले. ते लेहहून साध्या कागदावर सही करून पाठवू नका. बँक आणि निबंधक कार्यालय दोघेही अडवतात. डिसेंबरात यजमान घरी असताना तुमच्या तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात ते नोंदवून घ्या. ‘सर्व व्यवहार करण्याचा अधिकार’ असे मोघम लिहू नका. गट क्रमांक, क्षेत्र, खरेदीखतावर सही, कर्जाचे कागद, ताबा, फेरफार आणि वीजजोडणी एवढेच अधिकार त्यात नावानिशी लिहा. विक्रीचा अधिकार नको. आणखी एक गोष्ट कटू आहे, पण सैनिकाच्या घरात ती माहीत असायलाच हवी: साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. म्हणून मालकीत तुमचे नाव पहिल्या दिवसापासून संयुक्त असू द्या.

कर्जासाठी आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाचा अर्ज युनिटमार्फत जातो, त्याला वेळ लागतो. तो आणि बँकेचा व्याजदर समोरासमोर मांडून बघा. एएफपीपी फंडातून (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीतून) घरासाठी रक्कम काढता येते. मात्र ती सगळी जागेतच घालू नका, पायाच्या वेळी लागणार आहे. बायकांच्या नावावर मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत तयार घराला किंवा फ्लॅटला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही.

प्रश्न : मुलगा सैन्यात नायक आहे. गावी हजार चौरस फुटांचे घर बांधतोय, देखरेख माझ्याकडे. कॉलम उभे राहिले आणि पाऊस लागला, काम थांबले. चाळीस पोती सिमेंट शेडमध्ये पडून आहे, सळ्या गंजल्यात. हा माल वापरावा का? आणि मुलाने उरलेली सुट्टी कधी घ्यावी?
(एक वाचक, गडहिंग्लज तालुका)

पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेले असते, आधी ते बघा. तीन महिने उलटलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटलेली धरावी, तीही पोती कोरडी राहिली असतील तर. पोते फोडून हात आत घाला. थंड लागले, चिमटीत पिठासारखे सरकले, तर ठीक. बोटांनी फुटणाऱ्या गुठळ्या दाबाने झालेल्या असतात. खड्यासारख्या कडक गुठळ्या म्हणजे सिमेंट आतल्या आत जमले. ते चाळून वापरायचे नसते. तुमची चाळीस पोती बरी निघाली, तरी स्लॅबला नकोत. जोते, गिलावा, फरशीखालचा कोबा यांत खपवा.

पुढचे पोते ठेवताना जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच फळ्या, भिंतीपासून दीड फूट अंतर आणि दहापेक्षा जास्त थर नाहीत. भिंतीला टेकलेले पोते भिंतीची ओल ओढते. शेडच्या पत्र्यापेक्षा हेच जास्त महत्त्वाचे.

सळीवर नुसता तांबूस थर असेल तर काळजी नको. तारेच्या ब्रशने घासल्यावर पापुद्रे सुटतात का, ते बघा. पापुद्रे निघून सळी बारीक झाली असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय काँक्रीट टाकू नका. कॉलममधून वर आलेल्या मोकळ्या सळ्यांना घासून सिमेंटची दाट रबडी लावून ठेवा. पुढचा मजला पाच-सात वर्षांनी चढवायचा असेल, तर त्यांच्याभोवती कच्चे काँक्रीट ओतून त्या झाकून टाकलेल्या बऱ्या. प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घालतात, त्यांच्या आत वाफ साचते.

सुट्टीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: वास्तुशांतीसाठी राखून ठेवलेली सुट्टी मोडा. मालकाने तीन वेळा हजर राहायला हवे. पायाचे खड्डे उघडे असताना, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर काँक्रीटच्या आदल्या दिवशी, आणि नळ-विजेच्या नळ्या भिंतीत बसल्यावर गिलाव्याच्या आधी. पाया तर झाला; तेव्हा मुलाने स्लॅबला यावे.

त्या आदल्या दिवशी काय बघायचे ते सांगतो. सळ्यांमधले अंतर टेपने मोजा, नकाशाशी ताडा. खाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक हवेत. फरशीचे तुकडे किंवा खडी सरकवून केलेले चालत नाहीत. कव्हर म्हणजे सळीवरचे काँक्रीटचे आवरण; ते तुमच्याकडे स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला ४०. आता गॅलरी किंवा छज्जा बघा. बाहेर झुलणाऱ्या भागात मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट टाकताना माणसे तिच्यावरून चालतात, ती दबून तळाला जाते, वरून दिसत काहीच नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांत गॅलरीच्या मुळाशी, भिंतीला लागून, आडवी चीर पडते. त्या सळईखाली लोखंडी घोड्या लावल्या आहेत का, आणि चालायला वरून फळ्या टाकणार आहेत का, हे विचारा.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे पावणेबारा घनमीटर काँक्रीट. १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाला घनमीटरमागे आठ पोती धरली तर त्र्याण्णव-चौऱ्याण्णव पोती होतात. ठेकेदार साठ पोती आणत असेल तर तिथेच थांबवा. एका पोत्याला पाणी सत्तावीस लिटरपर्यंत, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर ‘माल पातळ करा, पटकन पसरतो’ म्हणून एक बादली वाढवतात; ते पाणी नंतर उडून जाते आणि मागे बारीक भोके ठेवते. तिथूनच गळती सुरू होते. वाळूतली माती तपासायला उंच बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

बांधकामाला पीपीसी सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस पाणी धरा. खालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. तुळयांना चौदा ते एकवीस. ठेकेदाराचे पैसे महिन्यावर नव्हे, टप्प्यावर बांधा आणि पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. हे आधी लिहून घ्यावे लागते, नंतर मागता येत नाही.

वाळवीची फवारणी राहिली असेल तर जोत्याच्या भरावावर फरशीआधी करून घ्या: क्लोरपायरीफॉस २० ईसी एक लिटरला एकोणीस लिटर पाणी, दर चौरस मीटरला पाच लिटर द्रावण. नंतर ती माती उकरू नका. विहीर जवळ असेल तर हे औषध टाळा.

प्रश्न : नौदलातून निवृत्त झालो, विशाखापट्टणमला राहतो. वेंगुर्ल्याला वडिलांचे जांभ्याचे, मंगलोरी कौलांचे घर आहे. वर्षातले दहा महिने कुलूप. आतून तीन फुटांपर्यंत गिलावा फुगून पडतोय, ग्रिल गंजलेत. वॉटरप्रूफ रंग लावला, एका वर्षात गेला.
(एक निवृत्त नौसैनिक)

रंगाचा दोष नाही. ओल जमिनीतून वर चढते आहे. तिला आतून रंगाने अडवले की ती आणखी फूटभर वर जाऊन बाहेर येते. गिलावा सिमेंटचा असेल तर जांभ्याला श्वासच घेता येत नाही. ओल दिसते त्याच्या वर एक फूट धरून सगळा गिलावा काढा. ऑक्टोबर ते मे भिंत उघडी राहू द्या, बाहेर आलेला क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. त्याआधी बाहेरचे बघा: अंगणाची माती वर्षानुवर्षे चढून जोत्याच्या वर आली असेल, तर ती उतरवा. पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडत असतील तर पन्हळ लावा. निम्मी ओल इथेच थांबते.

ग्रिलला नुसता तेलरंग फासून उपयोग नाही. गंज उजळ लोखंडापर्यंत खरवडून त्याच दिवशी प्रायमर लावा. खाऱ्या हवेत रात्रभर उघडे राहिलेले लोखंड सकाळी पुन्हा तांबडे होते. नवीन बिजागऱ्या, कड्या घेताना ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस मागा. किनाऱ्यावर ३०४ ला डाग पडतात.

मागे स्लॅबचा भाग जोडलेला असेल आणि तिथे सळी उघडी पडली असेल, तर वरवर सिमेंट थापू नका. सळीच्या मागे बोट जाईल इतके काँक्रीट फोडून, सळी पूर्ण घासून, जस्ताचा प्रायमर लावून मग पॉलिमर मॉर्टर भरायचे. अर्धवट केले तर गंज शेजारी सरकतो. पुढे कधी तिथे नवे बांधकाम केलेत तर उघड्या किनारी हवेसाठी एम ३० प्रतीचे (जास्त ताकदीचे) काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागते. गावात सरसकट ठेवतात त्या २० मिलिमीटरने भागत नाही.

वासे-रिपांना काजूच्या टरफलांचे तेल कोकणात लावतात, ते चांगलेच. मात्र कातडी जळते, हातमोजे घाला. कुलूप लावताना मेन स्विच आणि पाण्याची मुख्य चावी बंद करा, टाकी रिकामी करा, कपाटे भिंतीपासून चार इंच पुढे ओढा. मोरी-संडासाच्या जाळीत पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल टाका, म्हणजे ते लवकर आटत नाही आणि गटाराची झुरळे-वास घरात येत नाहीत. मृगाआधी कोणाकडून तरी कोने आणि फुटकी कौले बदलून घ्या. बंद घराची चावी शेजारी असणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

प्रश्न : यजमान हवाई दलात सार्जंट. पुण्यात फ्लॅट घ्यायचा आणि निवृत्तीपर्यंत भाड्याने द्यायचा विचार आहे. एअर फोर्स नेव्हल हाउसिंग बोर्ड की खासगी बिल्डर? भाडेकरू अडून बसला तर?
(एक भगिनी, नागपूर)

बोर्डाची योजना तुम्हाला हव्या त्या शहरात, हव्या त्या वर्षी निघेलच असे नाही. निघाली तर ना-नफा तत्त्वावर असते; सुरुवातीची किंमत अंदाजे धरायची. बिल्डरकडे जात असाल तर महारेरा क्रमांक (राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) संकेतस्थळावर टाकून प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, ते आधी बघा. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम कायद्याने मागता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोष विनाखर्च दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तुम्ही भाडेकरू ठेवलात म्हणून गळती तशीच राहू देऊ नका. तक्रार तारखेसह लेखी पाठवा.

भाड्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवणे हा गुन्हा आहे. मुदत संपूनही माणूस गेला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. जुना भाडेकरू असेल तर त्याच कायद्याचे कलम २३ सैन्यातल्या मालकासाठी आहे. मालक सैन्यात आहे आणि त्या भागात राहायला त्याच्याकडे दुसरे योग्य घर नाही, असे कमांडिंग ऑफिसरचे प्रमाणपत्र त्यात लागते. निवृत्तीनंतर मालमत्ता करातून सूट मिळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घ्या. ती एकाच घराला मिळते, त्यामुळे गावचे घर की पुण्याचा फ्लॅट, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.