आहेराची वही, मामंजी आणि उलटं वाचायचं नाव

मागच्या अंकात एका मैत्रिणीने विचारलं होतं की अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात सांस्कृतिक मानववंशशास्त्राचा पहिला कोर्स ऑनलाइन घेऊ का, आणि मी नुसतं "घे, मजा येईल" एवढं लिहून मोकळी झाले होते. त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यातच जाणार. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, शेवटची काही वर्षं तर स्क्रीनवरूनच, त्यामुळे मंडळी कुठे अडखळतात ते साधारण माहितीये. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत असते, वय ४१. रेडिओलॉजीच्या डिग्रीला सोशल सायन्सचे तीन क्रेडिट हवे होते म्हणून हा आठ आठवड्यांचा कोर्स घेतला. पहिल्याच आठवड्यात नासिरेमा नावाच्या लोकांवर एक लेख वाचायला दिला, म्हणजे ते भिंतीतल्या पेटीत जादूची औषधं साठवतात, रोज डुकराचे केस तोंडात फिरवतात, दातांच्या मांत्रिकाकडे जाऊन भोकं मोठी करून घेतात वगैरे. मी गुरुवारी डिस्कशनमध्ये अगदी मनापासून लिहिलं की या बिचाऱ्यांपर्यंत शिक्षण पोचायला हवं, आमच्याकडेही आदिवासी भागात असंच चालतं. रविवारी एका १९ वर्षांच्या पोराने खाली रिप्लाय टाकला, नाव उलटं वाचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोस्ट डिलीट पण होत नाही. कोर्स सोडू का?

उत्तर : अगं सोडतेस कशाला, दरवर्षी माझ्या वर्गातले निम्मे तरी त्यात सापडायचे आणि आपल्या लिपीत उलटं वाचून काही हाती लागतही नाही, ते इंग्रजी स्पेलिंग उलटं केलं की 'अमेरिकन' निघतं. होरेस मायनर नावाच्या प्राध्यापकाने १९५६ साली हा लेख एका गंभीर जर्नलमध्ये छापून आणला. भिंतीतली पेटी म्हणजे बाथरूममधलं औषधाचं कपाट, डुकराचे केस म्हणजे ब्रश, मांत्रिक म्हणजे डेंटिस्ट. एक वाक्य खोटं नाही, फक्त त्या काळी मानववंशशास्त्रज्ञ लांबच्या लोकांबद्दल ज्या सुरात लिहायचे त्या सुरात त्याने घरच्या लोकांबद्दल लिहिलं, बस.

पण खरं सांगू, गंमत कळली नाही यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचंच असेल तर दुसऱ्या वाक्याची लाज वाटू दे, ते "आमच्याकडेही आदिवासी भागात असंच" वालं. आदिवासी भागात किती दिवस राहिलीस? (मी पण तुझ्या वयाची असताना असलं बरंच बोललेय.) त्याच धाग्यात आता दुसरी पोस्ट टाक आणि सरळ लिही की मी फसले, आणि कुठल्या शब्दांनी फसले ते दाखव. 'जादू', 'मांत्रिक', 'विधी' हे शब्द आले की आपण समोरच्याला आपोआप एक पायरी खाली ठेवतो. शिक्षकाला हीच पोस्ट जास्त आवडेल, मला आवडली असती.

आणि हात साफ करायला एक परिच्छेद स्वतःच्या घरावर लिहून बघ. मी वर्गात हे वाचून दाखवायचे: या लोकांत रोज सकाळी एका धातूच्या भांड्याला ठराविक वेळा किंचाळू देतात, त्याशिवाय कुणी अन्नाला हात लावत नाही, किंचाळ्यांची संख्या पवित्र असावी कारण घरातली कर्ती बाई न्हाणीघरातून ओरडून "किती झाल्या" म्हणून विचारते आणि कुणालाच आठवत नाही. अमेरिकन पोरं गंभीर चेहऱ्याने नोट्स घ्यायची, मग मी कुकरचा फोटो लावायचे.

प्रश्न : नमस्कार. मी टेक्सासमध्ये शिकतो. नातेसंबंधांचा तक्ता काढायचाय, तीन पिढ्यांचा. प्रॉब्लेम दोन. एक, इंग्रजीत सगळे कझिन, मला ३१ आहेत. दोन, माझी आई ही बाबांची मामेबहीण, सख्ख्या मामाची मुलगी. इथे तर असं लग्न कायद्यानेच बंद आहे. वर्गात टाकू की गुपचूप वेगळं दाखवू?

उत्तर : वेगळं दाखवलंस तर तुझ्याकडे जी सोन्याची खाण आहे ती बुजवून टाकशील बाबा. पुरुष त्रिकोण, बाई गोल, लग्नाला बरोबरची खूण, मुलांना खाली उभी रेघ, भावंडांना आडवी, एवढं तर शिकवलं असेलच. तुझ्या तक्त्यात आई एकाच वेळी मामाची मुलगी म्हणून वरून येईल आणि बाबांची बायको म्हणून बाजूने, म्हणजे रेघांचा एक बंद चौकोन होईल. तोच तर बघायचा असतो.

१८७१ साली लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाने जगभरातली नात्यांची नावं गोळा करून भलामोठा ग्रंथ काढला तेव्हापासून हा तक्ता या विषयाच्या मानगुटीवर बसलाय. नावांवरून समाज कसा बांधलाय ते कळतं असं त्याचं म्हणणं. इंग्रजाला सगळे कझिन सारखे, कारण त्याला त्यांच्यात फरक करून काही साधायचं नसतं. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार खण लागतात कारण पुष्कळ जातींत मामेबहिणीशी लग्न चालतं, आतेबहिणीशी सहसा चालत नाही, आणि चुलत-मावस म्हणजे सख्ख्यासारखेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्व्यांनी १९५३ च्या पुस्तकात भारताचे नात्यागोत्यांप्रमाणे विभाग पाडलेत. उत्तरेत असं जवळचं लग्न नको, दक्षिणेत मामेबहीण-आतेबहीण दोन्ही चालतात, काही ठिकाणी मामा-भाचीचं सुद्धा, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, दोन्हीकडचं थोडंथोडं घेऊन बसलेला.

आता आजीला फोन लाव आणि विचार की ती तिच्या सासऱ्यांना काय म्हणायची. मामंजी म्हणायची ना? आणि सासूला आत्याबाई? मामेबहीण लग्न होऊन आली की तिची सासू म्हणजे तिच्या बापाची बहीण, खरोखरचीच आत्या, आणि आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची रीत जुन्या घरांतून होतीच. पुढे नात्याबाहेर लग्न झालेल्या सुनाही तेच म्हणत राहिल्या. ही एक गोष्ट तक्त्याखाली लिहिलीस तर तुझा तक्ता वर्गात सगळ्यात भारी होईल. फक्त नावं बदल, आणि आई-बाबांना आधी विचार, त्यांचं लग्न आहे ते, तुझा असाइनमेंट नंतर.

प्रश्न : ताई, आमचा सातव्या आठवड्याचा असाइनमेंट म्हणजे दोन तास कुठेतरी जाऊन निरीक्षण करायचं. मी आमच्या ग्रुपचं संक्रांतीचं हळदीकुंकू घेतलं, इथे ते शनिवारी मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये असतं. पण गेले की मी गप्पाच मारत बसते, लिहिणार काय, सगळं तर माहितीचंच. आणि अजून एक. आमच्यातल्या एका काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्या आल्या होत्या पण पूर्ण वेळ वर किचनमध्ये तिळगुळाच्या प्लेट्स भरत होत्या. कुणी त्यांना वरच रहा असं म्हटलं नाही. हे लिहू का? शिक्षिका अमेरिकन आहेत, आपल्याबद्दल काय म्हणतील?

उत्तर : हे पत्र मी तीनदा वाचलं.

आधी सोपं. मॅलिनोव्स्की म्हणून जो पोलिश माणूस आहे, तुमच्या पुस्तकात दुसऱ्याच आठवड्यात आला असेल, तो १९१५ ते १९१८ च्या मधे दोनदा न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि लांबून ऐकीव लिहिण्यापेक्षा तिथे राहून लिहायची पद्धत त्याच्यामुळे रुळली. त्याला सगळं नवीन होतं, ती त्याची सोय. तुला सगळं माहितीचं आहे ही तुझी अडचण. त्यावर एकच उपाय मला माहितीये, पहिला अर्धा तास अर्थ लावायचाच नाही. "सगळ्या आनंदात होत्या" नको. कोण कधी आलं, चपला कुठे काढल्या, कुणी कुणाला आधी कुंकू लावलं, वाण काय होतं (परत प्लास्टिकचे डबेच असणार), किती नग आणले आणि किती उरले, कोण किती वेळ बसलं, मराठी कधी बोलल्या आणि इंग्रजीवर कधी गेल्या. तिथे वही काढून बसू नकोस, गाडीत येऊन लगेच लिही, घरी पोचून झोपलीस तर अर्धं जातं. आणि यजमानीण बाईंना सांगून ठेव की मी कॉलेजसाठी लिहितेय. गुपचूप केलेलं निरीक्षण म्हणजे कान लावणं.

मग वाणाकडे ये, कारण त्यात बरंच काही दडलंय. ट्रोब्रियांडचे लोक शंखशिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि कडी उलट्या दिशेने, होड्यांतून समुद्र ओलांडून बेटाबेटांवर फिरवत राहायचे. त्या देवघेवीला कुला म्हणतात, मॅलिनोव्स्कीचं १९२२ चं पुस्तक त्यावरच आहे. वस्तू वापरायची नाही, कायमची ठेवायची पण नाही, पुढे द्यायची. वाचल्यावर मला काय आठवलं असेल सांग, आमच्या घरातला स्टीलचा डबा. शेजारून लाडू भरून आला की तो रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी. १९२५ साली मार्सेल मोस या फ्रेंच माणसाने मांडलं की भेटवस्तूच्या देवघेवीत तीन बंधनं असतात, द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि फेडावं लागतं. हे आमच्या आजीला शिकवायची गरज नव्हती. तिच्याकडे आहेराची वही होती, कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं ते नावानिशी, आणि समोरच्याच्या घरी कार्य निघालं की आधी वही निघायची. वाणाची मात्र वही नसते असं आपण म्हणतो. पण तिने स्टीलचं दिलं मी प्लास्टिकचं कसं देऊ, हा हिशेब बेसमेंटमध्ये चालतोच की नाही ते बघ.

आता काकू. लिही. पण जे दिसलं तेवढंच. त्या वर होत्या, प्लेट्स भरत होत्या, कुणी त्यांना वरच रहा असं म्हटलं नाही, असं तू लिहिलंयस ना? हेच वाक्य ठेव, "त्यांना वगळलं" असं अजून लिहू नकोस कारण ते तुला माहीत नाही. कदाचित वगळलं असेल. सवाष्णींचा कार्यक्रम म्हटल्यावर कुंकवाचा करंडा पुढे येण्याआधीच उठून जायची सवय लागलेली असेल. किंवा नुसते गुडघे दुखत असतील. नंतर कधीतरी चहा घेताना विचार, वहीसाठी नाही, आधी माणूस म्हणून, आणि मग विचार की हे मी लिहू का. नको म्हणाल्या तर तो परिच्छेद काढून टाक, दोन मार्क गेले तर गेले.

अमेरिकन शिक्षिका काय म्हणतील ते सोड. इरावतीबाई स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालल्या, भारावून लिहिलं, आणि त्याच लेखात हेही लिहिलं की अभंग सगळे मिळून गातात पण ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात आणि याचं मला रोज वाईट वाटतं. दोन्ही त्याच रस्त्यावरचं. तो लेख मराठीत आहे, आधी तो वाच.

प्रश्न : महोदया, मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. नातू तिकडे हा विषय शिकतोय. तो म्हणतो, प्रत्येक संस्कृती तिच्या जागी बरोबर, आपण निवाडा करायचा नाही. मग हुंडा पण बरोबर आणि सती पण बरोबर काय? हे शिकवायला डॉलर घेतात?

उत्तर : सर, नातवाने अर्धं ऐकलंय. तो पहिल्या परीक्षेपर्यंत असंच बोलणार, सगळे बोलतात. निवाडा करायचा नाही याचा अर्थ निवाड्याची घाई करायची नाही, म्हणजे हुंडा का टिकतो, कोण मागतं, कोण मुकाट देतं, कायदा असून कसा चालतो हे कळेपर्यंत "मागासलेले लोक" म्हणून शिक्का मारायचा नाही. ही शिस्त आणली अमेरिकेतल्या फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने, आणि तो काही गप्प बसणारा माणूस नव्हता. अमेरिकेत आलेल्या हजारो स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजून त्याने १९११ च्या सुमारास दाखवलं की कवटीचा आकार एका पिढीत बदलतो, म्हणजे त्यावरून वंश ठरवणं पोकळ. १९३३ मध्ये नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत त्याची पण होती.

तुमची शंका मात्र या शास्त्राला स्वतःलाच पडलेली आहे. १९४७ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने शंका काढली की हे सगळ्या जगाला कसं लागू करणार, त्यावर त्यांना भरपूर ऐकून घ्यावं लागलं, आणि १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने स्पष्ट ठराव केला. नातवाला या दोन सालांबद्दल विचारा, जेवणाच्या टेबलावर बघा कसा गडबडतो.

प्रश्न : पुस्तक फार महाग आहे, जुनी एडिशन चालेल का?

उत्तर : सिलॅबस नीट बघ, बऱ्याच कॉलेजांत आता 'पर्स्पेक्टिव्हज' नावाचं पाठ्यपुस्तक लावतात, ते कम्युनिटी कॉलेजांतल्या मानवशास्त्राच्या शिक्षकांनीच केलंय आणि नेटवर फुकट आहे. दुसरंच लावलं असेल तर शिक्षकाला मेल करून विचार, जुनी एडिशन बहुतेक चालते, फक्त पानांचे नंबर जुळत नाहीत.

प्रश्न : ताई, लॅपटॉप बंद पडला आणि माझ्या सगळ्या फील्ड नोट्स गेल्या. परवा सबमिट करायचंय. काय करू, रडू येतंय.

उत्तर : रड थोडा वेळ. मग ऐक. आपल्याकडचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरा गावी जाऊन राहिले, पुढची कितीतरी वर्षं तिथल्या नोट्स नीट लावत बसले, आणि १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला पुस्तक लिहायला बसलेले असताना कुणीतरी इमारतीला आग लावली, नोट्स जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून लिहायचं ठरवलं, १९७६ मध्ये 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' आलं आणि ते त्यांचं सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक ठरलं. तेव्हा आज रात्रीच आठवेल तसं लिहून काढ आणि वर एक ओळ टाक की मूळ नोट्स गेल्या, हे आठवणीतून आहे. लपवू नकोस.

आणि हो, श्रीनिवासांकडे त्या नोट्सच्या एक नाही, तीन प्रती होत्या. तिन्ही त्याच खोलीत. तू निदान एक कॉपी बहिणीला मेल करून ठेव.