रँक सोड, आधी अक्षर बघ

बेटा,

तुझा मेसेज वाचला. मुलीचं नाव आलिया ठेवायचंय, पण नावांच्या एका यादीत अर्थ 'उंच', दुसरीत 'राजकन्या', आणि तिसरीत ते टॉपला दिसलं म्हणून आता वाटतंय की फारच कॉमन होईल. इतक्या याद्या चाळल्यास पण ते नाव अरबीत लिहून एकदा तरी बघितलंस का? नाही ना. मग आधी ते कर.

ऐन या अरबी अक्षरापासून लिहिलं तर आलिया म्हणजे उंच, थोर. मूळ धातू ऐन-लाम-वाव या तीन अक्षरांचा, अली हे नावही त्यातूनच येतं. राजकन्या त्यात कुठेच नाही, ती याद्यावाल्यांनी घुसवलीय. आणि तेच अलिफ-मद्दाने, म्हणजे दीर्घ 'आ'च्या अक्षराने लिहून 'य' दुप्पट केलास तर आजच्या अरबीत ते होतं यंत्रणा, मेकॅनिझम! देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून म्हणतो अक्षर बघ. अमलचंही तेच, ऐनने कृती आणि अलिफने आशा.

आता पॉप्युलॅरिटी. आलिया नावाच्या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम 1994 ला आला आणि त्याच वर्षी हे नाव तिथल्या लोकप्रिय नावांच्या पहिल्या हजारात शिरलं, म्हणजे नाव शतकानुशतकं होतंच, रँक तेवढी नवीन. आणि रँक तरी कसली? इंग्लंड-वेल्समध्ये 2023 ला मुलग्यांच्या नावांत मुहम्मद पहिलं आलं ते एका स्पेलिंगवर, बाकीची स्पेलिंगं वेगळी मोजतात. अरबीत मात्र ते नाव एकच, मीम-हे-मीम-दाल. मग या आकड्यांवर तू झोप का घालवतोयस, मला खरंच कळत नाही.

लोक म्हणतील आपण काय अरब आहोत का, एवढं कशाला. माझ्या भावानेही हेच म्हटलं होतं. पुतण्याचं नाव ठेवताना मी अक्षरावर अडून बसलो, खात्री होईपर्यंत जन्मनोंदणीचा फॉर्म भरू दिला नाही, आणि भाऊ कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्या अबोल्याचं मला अजून वाईट वाटतं. पण पोराचं नाव आज कुणीही अरबी येणाऱ्याने वाचलं तर त्याचा तोच अर्थ लागतो जो आम्हाला हवा होता, आणि परत वेळ आली तर मी परत अडून बसेन. नाव अरबी घ्यायचं आणि अक्षराला मात्र काय फरक पडतो म्हणायचं, हे मला पटतच नाही रे.

आलिया छान नाव आहे, कॉमन झालं तर होऊ दे. फक्त फॉर्म भरायच्या आधी कागदावर ऐनने लिही आणि मला फोटो पाठव, मी तपासून देतो.