'दिवसातून किती तास सोशल मीडिया वापरता?' हा एकच प्रश्न सर्वेक्षणासाठी पुरेसा आहे का?

आपण एम.ए.च्या प्रबंधासाठी मुंबईतील कुटुंबांचे सर्वेक्षण करत आहात आणि वरील एका प्रश्नावर भागेल की लोकांकडून फोनमधील स्क्रीन टाइमचा स्क्रीनशॉट मागावा, असे विचारले आहे. एका प्रश्नावर मुळीच भागणार नाही, आणि स्क्रीनशॉटवर विसंबणे तर त्याहून धोक्याचे आहे.

मी बाजार संशोधनाच्या कामात बरीच वर्षे घरोघरी फिरले आहे, आणि नेमक्या याच प्रश्नावरून माझा आमच्या साहेबांशी झालेला वाद अजून मिटलेला नाही. लालबागच्या एका चाळीत साठीच्या एक बाई गवार मोडत बसल्या होत्या. समोर तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर यूट्यूबवरचे कीर्तन चालू होते आणि मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप वाजत होते. मी प्रश्न वाचला, तर त्या म्हणाल्या, "सोशल मीडिया? नाही हो ताई, ते आमच्या नातवाचं खूळ." सूचनेप्रमाणे मी 'वापरत नाही' यावर खूण करून थेट पुढच्या विभागाकडे जायला हवे होते. मी तसे न करता एकेक नाव घेऊन विचारले. व्हॉट्सअ‍ॅप? "ते तर दिवसभर चालूच असतं." फेसबुक? "भाच्यांचे फोटो बघते की." यूट्यूब म्हटल्यावर त्यांनी नुसते फोनकडे बोट दाखवले. पुढे असेही कळले की संध्याकाळी नातू क्लासवरून आला की तोच फोन जेवणाची पाने घेईपर्यंत त्याच्याकडे असतो आणि त्यावर रील्स चालतात. हे सारे मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. कार्यालयाने फॉर्म परत पाठवला, सूचनेबाहेरचे प्रश्न विचारल्याबद्दल मला समज दिली, आणि अहवालात त्या बाई सोशल मीडिया न वापरणाऱ्यांत जमा झाल्या.

साहेबांचे म्हणणे असे की लोक खोटे बोलतात, तेव्हा आकडे थेट फोनमधूनच घ्यावेत. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांचा मेळ जेमतेमच बसतो आणि अचूक उत्तर क्वचितच मिळते, हे २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दाखवलेले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये १५ देशांतील वापरकर्त्यांची उत्तरे स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा लोक एकूण वेळ वाढवून सांगतात आणि किती वेळा उघडले ते कमी सांगतात असे आढळले. ज्याला वापर लपवायचा आहे, तो वेळ वाढवून कशाला सांगेल? माणसे खोटे बोलत नाहीत; ती मोजतच नाहीत, म्हणून उत्तरे अर्धा तास, एक तास, दोन तास अशा गोल आकड्यांवरच साचतात.

शिवाय मोजायचे काय, यावर शहाण्यांचेही एकमत नाही. आपल्याकडील २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेले व्हॉट्सअ‍ॅप मोठ्या समाजमाध्यमांत मोडते, तर ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सोळा वर्षांखालील मुलांवरील बंदीत यूट्यूब आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप नाही. अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप 'सोशल नेटवर्किंग'मध्ये, तर गूगलच्या स्टोअरमध्ये 'कम्युनिकेशन'मध्ये. लालबागच्या बाईंचा 'सोशल' वापर किती, हे अशाने कोणाची यादी आपण मानतो त्यावर ठरणार. आणि फोनच्या नोंदीला कीर्तन आजीचे आणि रील्स नातवाचे हे कसे कळावे? टीआरपीसाठी टीव्हीला बसवलेल्या मीटरमध्ये निदान घरातील प्रत्येकासाठी रिमोटवर वेगळे बटण असते. स्क्रीन टाइममध्ये तेही नाही.

तेव्हा 'सोशल मीडिया' असे मोघम न विचारता अ‍ॅपची नावे घ्या, 'साधारणपणे' ऐवजी 'काल' विचारा, फोन आणखी कोण वापरते ते विचारा, आणि केवळ पाहणे, निरोप पाठवणे व स्वतः काही टाकणे यांची वेगळी नोंद करा. सोशल मीडियाच्या व्यसनासाठी वापरल्या जाणाऱ्या बर्गन मापनपट्टीचा मोह टाळा. तिचे सहा प्रश्न व्यसनाची लक्षणे तपासतात, वापर मोजत नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. माझा अनुभव एका फोनवर चालणाऱ्या घरांचा आहे. आपल्या नमुन्यात स्वतःचा फोन असलेले महाविद्यालयीन तरुण अधिक असतील, तर आठवड्याच्या सरासरीचा स्क्रीनशॉट, तोही अ‍ॅपनिहाय, जोडीला घेण्यास हरकत नाही. दाखवायला नकार देणारे किती, हेही लिहून ठेवा. नमुना किती मोठा असावा हे मार्गदर्शकांना विचारा. ते बहुधा शेऱ्याचा रकाना काढायला सांगतील, कारण शेरे संगणकात भरणे जिकिरीचे असते. रकाना ठेवाच, आणि 'वापरत नाही' नंतर पुढचे प्रश्न गाळण्याची सूचना फॉर्म छापण्यापूर्वीच काढून टाका.