सरकारी प्रकाशनांच्या बोधांकातील बिंदू

प्रश्न : मी अमेरिकेतील एका विद्यापीठात लोकसंख्येवर संशोधन करत आहे. ‘सी ३.१३४:९९५’ हा बोधांक, म्हणजे ग्रंथाची कपाटातील जागा दाखवणारा क्रमांक, घेऊन सरकारी प्रकाशनांच्या विभागात गेलो आणि ‘सी ३.२’च्या अलीकडचे सगळे कप्पे पाहिले, पण ग्रंथ मिळाला नाही. सूचीत मात्र तो उपलब्ध असल्याची नोंद आहे. हे बोधांक कसे वाचायचे असतात?

उत्तर : आपला ग्रंथ बहुधा जागेवरच असेल, तो ‘सी ३.२’च्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर शोधायला हवा. ग्रंथालयांत विषयवार मांडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ड्यूई पद्धतीत बिंदूनंतरचे अंक दशांश म्हणून वाचतात, त्यामुळे तिथे .१३४ हा .२ च्या आधी येतो. अमेरिकी संघराज्य सरकारची प्रकाशने मात्र बहुतेक ठिकाणी ‘सुडॉक’ पद्धतीने लावलेली असतात आणि तिच्यात बिंदूनंतर येते ती पूर्ण संख्या. साहजिकच २ आधी, १३ त्यानंतर आणि १३४ त्याहून पुढे.

अ‍ॅडलेड हॅसे या ग्रंथपाल महिलेने पाया घातलेली आणि सरकारी मुद्रणालयाच्या ग्रंथालयात १८९५ ते १९०३ या काळात घडत गेलेली ही पद्धत विषयावर नव्हे, तर प्रकाशन कोणत्या कार्यालयाने काढले यावर उभी आहे. आपल्या बोधांकातील ‘सी’ म्हणजे वाणिज्य खाते, ३ म्हणजे त्यातील जनगणना कार्यालय आणि १३४ म्हणजे त्या कार्यालयाची सांख्यिकी सारसंग्रहाची मालिका. विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांपुढचा भाग त्या मालिकेतील नेमका खंड सांगतो. ९९५ म्हणजे १९९५, कारण २००० पूर्वीच्या वर्षांचा पहिला अंक गाळण्याची रीत होती. २००० पासूनची वर्षे चारही अंकांनी लिहितात. या दोन टिंबांनंतर आधी वर्षे, मग अक्षरे आणि शेवटी साध्या संख्या असा क्रम लागतो. शिवाय ‘सी ३.१३४’ची संपूर्ण मालिका संपल्यावरच ‘सी ३.१३४/२’ सुरू होते, म्हणून तिरपी रेघ उतरवून घ्यायला विसरू नये.

कार्यालयानुसार रचना केल्यामुळे एका संस्थेची प्रकाशने एकत्र राहतात, हा मोठाच लाभ आहे. पण संस्था एका खात्यातून दुसऱ्यात गेली की तिचा बोधांकही बदलतो. हवामान कार्यालय १९४० मध्ये कृषी खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेले, तेव्हा त्याची आधीची प्रकाशने ‘ए’मध्येच राहिली आणि नंतरची ‘सी’मध्ये जाऊ लागली. एखादी मालिका मध्येच तुटलेली दिसली, तर प्रकाशने हरवली असे मानण्यापूर्वी ते कार्यालय त्या वर्षी कोणत्या खात्यात होते हे पाहावे. माझ्या मते, दीर्घ काळाची आकडेवारी जमवणाऱ्या संशोधकाने ही सवय सर्वांत आधी लावून घ्यावी.

आपल्याला जुनी प्रकाशनेही लागतील, म्हणून आणखी एक सूचना. सरकारी मुद्रणालयाने संगणकीय नोंदी करण्यास १९७६ मध्ये सुरुवात केली. त्यापूर्वीची अनेक प्रकाशने कपाटात असूनही ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत आढळत नाहीत. त्यांच्यासाठी १८९५ ते २००४ या काळात निघालेली छापील मासिक सूची चाळावी, तिथून बोधांक मिळवावा आणि थेट कपाटाशी जावे. तिथेही न मिळाल्यास सूक्ष्मपत्रांचा (पानांच्या अगदी लहान छायाप्रती असलेल्या फिल्मच्या पत्र्यांचा, म्हणजे मायक्रोफिशचा) विभाग पाहावा, कारण पुष्कळ प्रकाशने ग्रंथालयांना कागदाऐवजी त्या रूपात पाठवली गेली आणि ती वेगळ्या कपाटात ठेवलेली असतात.