वाकळ उसवली, तिथून बोलू या

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलं आहे. मुलगी लातूरला, नीटसाठी दुसऱ्यांदा रिपीट करते आहे. सराव परीक्षांच्या ओएमआर प्रती, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिका, तिने आजीच्या वाकळीवर शिवल्या, चुकलेला एकेक गोल लाल दोऱ्याने भरून टाकला आणि ती वाकळ पांघरून वसतिगृहाच्या गच्चीवर दुपारभर गप्प उभी राहिली. वॉर्डनचा फोन आला. वडील गेले, वाकळ उसवली, मोबाइल काढून घेतला. ते लिहितात, "पोरगी म्हणती, मला इन्स्टॉलेशन, परफॉर्मन्स असलं काही करायचंय. कापडाचीच एवढी आवड असंल तर फॅशन डिझायनिंगला घालू का? का आधी डॉक्टर होऊन मग छंद करू द्यावा, चित्रकार सुधीर पटवर्धनांसारखा?"

गुरुजी,

मार्कांचा तक्ता मी एकदाच पाहिला. एक वाक्य मात्र चार वेळा वाचलं. "आता ती शहाण्यासारखी वागते, काही मागत नाही, फोनवर हो-नाही एवढंच बोलते." तुम्ही हे सुधारणा म्हणून लिहिलंय. मला त्याचीच धास्ती वाटली. एकोणीस वर्षांचं लेकरू मागणंच सोडून देतं, तेव्हा ते आतून थकलेलं असण्याची शक्यता जास्त. तुमच्या वर्गातलं एखादं पोर असं अचानक गप्प झालं असतं तर तुम्ही संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आला असता, हे मला पत्राच्या अक्षरावरूनही कळतं. मग स्वतःच्या लेकीच्या बाबतीत वॉर्डनच्या शब्दावर का थांबलात?

आधी लातूरची गाडी धरा. वहिनींना सोबत न्या. तिला आठ दिवस घरी आणा. टेस्ट सिरीज बुडेल, बुडू द्या. फोन तिच्या हातात परत द्या. दोन वर्षांत किती खर्च झाला, कोणतं वावर विकलं, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते पुन्हा काढू नका. झोप, जेवण कसं आहे ते बघा. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलली, तर "असं बोलू नये" म्हणून विषय मिटवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

आणि वाकळीबद्दल तिची माफी मागा. बापाने माफी मागितल्याने बापपण कमी होत नाही. नीटच्या एका उत्तरपत्रिकेत 180 प्रश्न, प्रत्येकी चार गोल. त्यातला चुकलेला गोल शोधायचा, कागद फाटू न देता सुई घालायची, टाका ओढायचा. खाली आजीच्या लुगड्याचे तुकडे, आजीचाच धावदोरा. गुरुजी, हे वेड नाही. दोन वर्षांत जे तुम्हाला तोंडाने सांगता आलं नाही, ते तिने शिवलं होतं. शीला गौडा या कर्नाटकातल्या कलावतीने लांबच लांब दोरा सुयांच्या नेढ्यांतून ओवून, कुंकवाने माखून त्याचे लाल दोर केले आणि दालनभर सोडले. अशा मांडणीलाच इन्स्टॉलेशन म्हणतात. दोरांच्या टोकाला सुयांचे झुबके लोंबतात. देशोदेशीच्या संग्रहालयांत बायकांच्या कष्टांबद्दलचं काम म्हणून ते पाहिलं जातं. तुमच्या मुलीने बहुधा ते पाहिलेलंही नसेल.

आता फॅशन डिझायनिंग. कापडाला हात लावला की फॅशन, हा समज मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत आहे आणि तो मुलांना चुकीच्या कॉलेजात नेऊन सोडतो. फॅशनमध्ये अंगावर घालायचा कपडा, त्याचं माप, गिऱ्हाईक आणि हंगाम. तो चांगला व्यवसाय आहे, पण तुमच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे. मृणालिनी मुखर्जी बडोद्याला चित्रकला शिकल्या आणि दोरांच्या गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पं करत गेल्या. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपले चित्रकार प्रभाकर बरवे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकले आणि कित्येक वर्षं सरकारी विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकर सेवा केंद्रात, नोकरी करत चित्रं काढत राहिले. चित्रकार अर्पिता सिंग यांनीही अशाच केंद्रात काम केलं. म्हणजे कापड, पगार आणि कला एकत्र नांदू शकतात. आपल्याकडे तर पैठणला पैठणीचे माग, संभाजीनगरला हिमरूचं विणकाम, तांड्यांवर बंजारा भरतकाम. तिला शिकायला दूर जायची गरजही नाही.

गच्चीवर उभं राहण्यालाही नाव आहे. त्याच 2019 साली, त्याच मेटमध्ये कलावंत निखिल चोप्रा सलग नऊ दिवस चित्र काढत, वेश बदलत, तिथेच जेवत-झोपत राहिले. तो परफॉर्मन्स होता आणि संग्रहालयानेच त्यांना बोलावलं होतं.

पटवर्धनांचं उदाहरण मात्र तुम्ही उलटं वापरलंत. ते पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, ठाण्यात 2005 पर्यंत रेडिओलॉजिस्ट होते, हे खरं. पण चित्रं त्यांनी छंद म्हणून काढली नाहीत, आणि डॉक्टरकी त्यांना जमत होती. तुमची मुलगी तिसऱ्यांदा त्याच दारावर डोकं आपटते आहे.

पैशाचं स्पष्ट सांगते. या कामात पहिली कित्येक वर्षं चणचण असते. विक्री बेभरवशाची, घर शिकवण्या, डिझाइनची कामं, शिष्यवृत्त्या यांवर चालतं. हे तिच्यापासून लपवू नका. पण धमकी म्हणून नको, हिशेब म्हणून सांगा.

वाटा सोप्या आहेत. बारावी झालेली आहे, बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची. शासकीय कला महाविद्यालय संभाजीनगरलाच आहे, नागपूरलाही आहे. बडोदा आणि शांतिनिकेतनचे प्रवेश वेगळे. यंदाची नीट द्यायची की नाही, हे तिला ठरवू द्या.

उसवलेले तुकडे आणि कागद फेकले नसतील तर पेटीत नीट ठेवा, त्यावर कुणाला हात लावू देऊ नका. पुन्हा शिवायचे की तसेच ठेवायचे, ते तिचं ती बघेल. आणि गच्चीवरचा एखादा फोटो तिच्या मैत्रिणींपैकी कुणी काढला असेल, तर तिला विचारून मला पाठवा. मला ती वाकळ बघायची आहे.