देश सोडावा लागलेल्या प्राध्यापकांना दुसरीकडे कायमची नोकरी मिळते का?
क्वचित. बहुतेकांना वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप मिळते, ती संपली की पुन्हा अर्ज. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचंच बघा. ज्यू म्हणून १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्यांना गटिंगेन विद्यापीठातून निलंबित केलं. सी. व्ही. रामन यांनी १९३५ मध्ये त्यांना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आणलं, कायम करायची खटपटही केली, पण जमलं नाही. पुढच्या वर्षी ते एडिंबराला गेले. १९५४ मध्ये नोबेल! (घ्या.)

मी सोलापुरात तासिका तत्त्वावर शिकवतो. त्यांच्याशी तुलना नाहीच. मी रोज रात्री घरी जेवायला जातो. पण नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये वादाचा विषय निघाला की माझं सगळं लक्ष डब्यातल्या शेंगाचटणीत.